ताटाबाहेरची तारली

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरील मातोझिन्योस गावी मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात इदालिनाने एकवीस वर्षे तारल्यांची मुंडकी उडविली होती. परंतु स्वतःच्या घराचा उंबरठा तिने एकाही तारलीला ओलांडू दिला नव्हता. तिची आईही त्याच कारखान्यात राबलेली. "आली बघा मासळीची टोपली!" असे म्हणून शाळेतल्या सोबतिणी इदालिनाला हिणवीत. तो डंख तिच्या काळजातून गेला नव्हता. म्हणून कामावरून येताच ती लिंबाने हात चोळी, आणि कन्या जासिंता हिला मार्गारिन फासलेला पाव व तळलेले बटाटे भरवी. "तारली गरिबाघरी शिजते, बाळे," असे ती अभिमानाने शिकवीत असे.

नऊ वर्षांच्या जासिंताचे चित्त मात्र कोठेच ठरेना. अर्धे गणित सोडून ती खिडकीशी जाई. तिला एकाग्रतेचा विकार असल्याचे निदान झाले, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मासे खाते का ही?"

"नाही हो. का?"

"माशातली चरबी मेंदूला लागते. ती न मिळाल्यानंच हे झालं, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. काही मुलांना थोडा गुण येतो, काहींना नाही. उपचार चालूच ठेवायचे. पण तारली देऊन बघा. तुम्हाला काय, हाताशीच आहे!"

इदालिनाने मान खाली घातली. तिच्या नखात त्या क्षणीही एक खवला अडकलेला होता.

जून महिना होता; तारल्या चरबीने तट्ट झालेल्या. सासू ऑलिंपिया हिने अंगणात निखारे फुलविले व भाजलेली तारली पावाच्या जाड कापावर ठेविली. तेल पावात झिरपू लागले.

"बारा वर्षं माझ्या शेगडीला नाक मुरडलंस, सूनबाई. आज सूर्य पश्चिमेच्या समुद्रातून उगवला वाटतं!"

"टोमणे नंतर मारा, आई. आधी पोरीला वाढा."

जासिंताने नाक दाबले. "शी! आपण काय गरीब आहोत?"

सासूने सुनेकडे पाहिले.

"एकच घास, बाळे. मी चुकीचं शिकवलं तुला."

"मग बरोबर काय ते आधी ठरव ना!" असे म्हणून मुलगी मांजरामागे फाटकाबाहेर पळाली.

थंड होऊ लागलेली ती तारली अखेर इदालिनानेच खाल्ली. पावात मुरलेले तेल जिभेस लागताच तिला आठवले की, तिची आई हाच तेलकट काप स्वतः न खाता तिच्यासाठी राखून ठेवीत असे. तिनेही दुसरा काप ताटलीखाली झाकून ठेविला आणि ती फाटकाकडे पाहत बसली.

मांजर तेवढे परत आले.