तेरा चिपटी

शिकाऊ सुलेखाला कामावर कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या दिवशी पाच बटनांवर ठरणार होतं. बटनंही काय, वर-खाली होणारी, मुगाच्या दाण्याएवढी. शेंद्र्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशेजारी सेन्सरचे डबे होते, आणि प्रत्येक डब्याला त्याचा नंबर या बटनांनी द्यावा लागे. काम शिकवणाऱ्या राजकुमार सरांनी नवा डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

"याला तेरा नंबर दे. दोनदा चुकलीस तर विषय संपला."

मोबाईल गेटवर जमा. बायनरीच्या तासाला तिनं नुसती मान डोलावली होती, डोक्यात फुलंब्रीची बस घोळत होती. तेरा म्हणजे एक आणि तीन, असं धरून तिनं पहिलं आणि तिसरं बटन वर केलं. डब्याच्या पडद्यावर आकडा आला, पाच.

"एक चूक झाली," म्हणत सर घड्याळ बघू लागले. या माणसाला सदान्‌कदा कसली घाई असायची कोण जाणे!

सुलेखानं पुन्हा आकडा बघितला. पाच? पहिल्याचा एक धरला तर तिसऱ्याचे चार. मग मधल्याचे दोन असणार. एक, दोन, चार... अरे, हे तर तिनं लहानपणापासून हाताळलं होतं! तिची आई, कडूबाई, फुलंब्रीच्या बाजारात अजून मापानं ज्वारी विकायची. सगळ्यात लहान माप चिपटं; दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. गेल्याच रविवारी सुलेखा फणकारली होती, "आई, भंगारात दे ती डबडी. काटा आण. लोक हसतात." कडूबाई त्या रात्री नीट जेवली नव्हती.

मोठ्या मापापासून सुरू करायचं आणि एक माप दोनदा भरायचं नाही, ही आईची शिस्त. द्यायची तेरा चिपटी. पायली सोळाची, ती नको. अधोलीनं आठ गेली, राहिली पाच. शेरानं चार, उरलं एक चिपटं. म्हणजे शेराचं आणि चिपट्याचं बटन वर होतंच! तिनं फक्त चौथं, अधोलीचं बटन उचललं.

पडद्यावर तेरा उमटले.

"कुठं शिकलीस?" सरांनी घड्याळ सोडून तिच्याकडं बघितलं.

"आईजवळ, सर."

"सोमवारपासून कायम. आणि नव्या पोरींना हे तूच शिकव. माझं त्यांच्या डोक्यावरून जातंय."

गेटवर मोबाईल हाती पडताच तिनं फोन लावला. "आई, मी कायम झाले! मापं दिली का गं भंगारात?"

"दिली की सकाळी. तूच म्हणली व्हती ना?"

सुलेखाला रडूच फुटलं.

"अगं, रडती कशाला? पायली तेवढी दिली, तिला भोक पडलं व्हतं. बाकीची हायेत घरात."

"मग सोमवारी दे मला. पोरींना दाखवायचीत."

"लोक हसत्याल की."

"हसू दे. माझ्या आईचीत म्हणून सांगते."

पलीकडं कडूबाईनं मापं खाली काढल्याचा खणखणाट ऐकू आला.

"बरं," ती म्हणाली, "घासून ठिवते मग."