चुना मुरेपर्यंत

शहराला चुना लावणारे पुढारी पुष्कळ होऊन गेले; बाईंनी मात्र तो खरोखरच लावला, असं लोक हसत म्हणत. नगरपालिकेच्या जुन्या इमारती जपणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्ष. सिमेंटचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी. जुन्या दगडाला सिमेंट श्वास घेऊ देत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की सभेतले अर्धे लोक त्यांच्याबरोबर ओठ हलवत. म्हणून नाव पडलं चुनाबाई. पण त्यांच्याच हट्टापायी घड्याळाचा मनोरा उभा राहिला आणि वाचनालयाचं छत वाचलं. बाई हटून बसल्या की भले भले कंत्राटदार वाट बदलत.

घरी वाद घालायला मात्र कोणी उरलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात. दगडी पायऱ्यांच्या त्या जुन्या घरात बाई रेडिओ मोठ्याने लावत आणि मग आवाज होतो म्हणून स्वतःच चिडत.

अशात जावयाला अपघात झाला. जीव वाचला, पाय गेले. लेकीचा फोन आला, की आम्ही तुझ्याकडेच राहायला येतो. खालच्या खोल्या पुरतील, फक्त दारातल्या पायऱ्यांवर चाकांची खुर्ची चढेल असा उतार करून घे. बाईंना जावयासाठी रडू आलं आणि घर भरणार म्हणून आनंदही झाला. त्या आनंदाची त्यांना लाज वाटली. तरी फोन ठेवल्याबरोबर त्यांनी खालच्या खिडक्या उघडल्या.

घरही जपणुकीच्या यादीतलं, पण समितीने एका बैठकीत परवानगी दिली. गवंडी म्हणाला, सिमेंटचा घालू, चार दिवसांत खुर्ची आत. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा थापी आवरू लागला. अख्ख्या शहराला नाही म्हणणाऱ्या बाईंनी आपल्याच दारात सिमेंट ओतायचं? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. लोकांचं तर निमित्तच. त्यांना स्वतःलाच ते बघवलं नसतं. तोवर लाकडी फळ्या टाकू का, असंही गवंड्याने विचारून पाहिलं. फळ्यांनी कोरीव पायरीचे टवके उडतील, म्हणून तेही नको.

दगड घराच्याच जातीचा हवा, म्हणून बंद पडलेल्या खाणीच्या मालकाची मनधरणी झाली. चुना भिजत पडला. तो मुरायला वेळ लागतो, कोणाच्या घाईला भीक घालत नाही. लेक फोनवर विचारी आणि बाई सांगत, "होतच आलंय." पुढे पुढे ती विचारेनाशी झाली. पोर समजूतदार झाली, असं बाईंना वाटलं.

उतार झाला तो बघत राहावा असा. समितीची मंडळी आली. हा मूळचाच असणार, असं त्यांच्यातला एकजण म्हणाला. याहून मोठी शाबासकी बाईंना ठाऊक नव्हती. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

लेक म्हणाली, "आई, आम्ही इथंच तळमजल्यावर जागा घेतली. राहायलाही आलो."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू दगडाबद्दल बोलत होतीस." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बाईंना काही बोलता आलं असतं. "जुन्या घराच्या जिन्यावरून त्यांना रोज दोघं जण उचलून खाली आणायचे, आई. ते डोळे मिटून घ्यायचे. मला नाही गं थांबवलं."

माझं चुकलं, असं बाईंना म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते असं, की चुना अजून ओला आहे, काही दिवस पाणी मारावं लागेल.

"मार," लेक म्हणाली. "तब्येतीला जप."

पाणी मारायला माणूस पाठवतो, असं गवंडी म्हणाला. बाई नको म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या उतारावर गोणपाट अंथरतात आणि तांब्या तांब्याने भिजवतात. चुना केव्हाच पक्का झालाय. गवंड्याला ते दिसतं, पण बोलायचा धीर होत नाही. आणि बाईंना तर त्याच्याआधी कळलं होतं. येताजाता कोणी थांबून विचारलंच, काम अजून चालू आहे का, तर बाई मान वर न करता सांगतात, होतच आलंय.