लोकर चांगली आहे

थंडीच्या सुट्टीत भिंगरी आठ दिवस आजोळी येणार हे पक्कं झालं आणि आजीने त्याच सकाळी फोनवर काय बोलायचं त्याची तालीम सुरू केली. रोपवाटिकेत हातात झारी घेऊन ती कुंड्यांशी बोलत होती. "अगं, कपडे फार नको भरूस." छे, हा हुकूम झाला. "कपडे जरा बेतानेच दे हं." हे बरं. गुलाबाची कलमं निमूट ऐकत होती आणि त्यांना गरजेच्या दुप्पट पाणी मिळत होतं.

पलीकडे आजोबा पिशव्यांत माती भरत होते. "मुळं कुजतील," ते म्हणाले. "सात वर्षांची नात येतेय. तिच्या चड्ड्या-झग्यांवर एवढी खलबतं कसली करतेस?"

"तुम्हाला नाही कळायचं."

त्यांना कळत होतं. म्हणून तर ते खाली मान घालून माती भरत होते.

भिंगरीची आई, म्हणजे या दोघांची एकुलती एक लेक, जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती. या वर्षाच्या सुरुवातीला जावयाने दुसरं लग्न केलं. त्यात वावगं काही नव्हतं. "करा, पोरीला आई हवी," असं आजीच त्याला म्हणाली होती. तोंडाने म्हणणं सोपं असतं. जी आली तिला घरात सगळे "नवी" म्हणत, अर्थात तिच्या माघारी. नवी औषधांच्या दुकानात कामाला होती, बोलायला मऊ, वागायला सरळ. पहिल्या भेटीत तिने विचारलं, "तुम्हाला मी काय म्हणू?" आजी म्हणाली, "आईच म्हण की." आणि घरी येऊन न जेवता झोपली.

यंदा भिंगरीची बॅग पहिल्यांदाच नवी भरणार होती, आणि आजीला त्या बॅगेतून एकच गोष्ट हवी होती. हळदी रंगाचा एक स्वेटर. लेकीने तो आजारपणात, पाठीला दोन उशा लावून विणला होता. भिंगरी तेव्हा चार वर्षांची होती, पण लेकीने मुद्दाम वाढत्या मापाचा केला. कारण कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. डाव्या बाहीला मनगटाशी एक टाका उलटा पडला होता. आजीने तो बरोबर हेरला होता. "उसव तेवढं आणि नीट कर," ती म्हणाली होती. जन्मभर लेकीचं काहीही पाहिलं की पहिली चूक दिसायची, तसंच. लेक हसली होती. "राहू दे गं आई. कुठे हरवलाच तर ओळखायला बरा."

त्यानंतर तिने सुया हातात घेतल्या नाहीत.

गेल्या सुट्टीत भिंगरी तोच घालून आली होती. बाह्या मनगटाच्या जरा वरच संपत होत्या. तेव्हाच ठेवून घ्यायला हवा होता. पण आजीने तो धुतला, घडी केली आणि शहाण्या बाईसारखा परत बॅगेत घातला. वर्षभर त्या शहाणपणाला ती शिव्या घालत होती. आता तो स्वेटर नक्कीच होत नसणार. नवं घर, नवी कपाटं. न होणाऱ्या कपड्यांचं लोक काय करतात ते तिला ठाऊक होतं. फरशी पुसतात, नाहीतर देऊन टाकतात.

"मग सरळ माग ना," आजोबा म्हणाले. "माझ्या लेकीच्या हातचा आहे, मला हवाय. संपलं."

"आणि तिला काय वाटेल? आम्ही तिच्या घरातून एकेक वस्तू वेचून न्यायला बसलोय? आधीच बिचारी परक्याच्या संसारात पाय टाकताना दहादा विचार करते. तिचं मन दुखावलं आणि पुढच्या सुट्टीला पोरगी नाही पाठवली तर?"

आजोबांनी पुढची पिशवी ओढून घेतली. त्या आठ दिवसांवरच दोघं उरलेलं वर्ष काढत होती.

पहिला फोन तालमीप्रमाणे झाला. "कपडे बेतानेच दे हं. आणि जुनेच दे. इथे माती, शेणखत, दिवसभर पाण्यात हात. नव्याचं वाटोळं होईल उगाच."

"बरं झालं सांगितलंत, आई," नवी म्हणाली. "मी तीन नवे झगे काढून ठेवले होते. जुन्या कपड्यांत आली तर तुम्हाला वाटेल, हिने पोरीकडे लक्ष दिलं नाही."

हीसुद्धा तिकडे तालीम करत होती तर.

चार दिवसांनी दुसरा फोन. "यंदा इकडे थंडी फार आहे गं. काहीतरी गरम लागेल. नवीन नको घेऊस. तो... जुना एक होता ना, हळदी?"

"तो आता होत नाही हो तिला. फारच आखूड झालाय. दंडाला काचतो."

"हो का."

आता बोलायचं होतं. नुसतं एवढंच, की मला दे. समोर आजोबा हाताने "बोल, बोल" अशा खुणा करत होते, चिखलाच्या हाताने, त्यामुळे भिंतीवर शिंतोडे उडत होते. आजीने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"टाकून नको देऊस हं मात्र," ती म्हणाली. "लोकर चांगली आहे."

नवी म्हणाली, "हो आई. मी बघते त्याचं काय करायचं ते."

फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाले, "लोकर?"

"गप्प बसा."

तिला रात्रभर टोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नाही असं बघून, तिने मनाचा हिय्या करून तिसरा फोन लावला. या वेळी तालीम नव्हती. नवीने उचलायला वेळ लावला. "बोला ना, आई. भिंगरीला घेऊन जरा काम करत बसले होते."

तिचा आवाज इतका खुशीत होता. मागून भिंगरीचं हसू ऐकू येत होतं. एवढ्या भरल्या घरात आपण मेलेल्या माणसाचा विषय काढायचा?

"काही नाही गं. मोजे चार जोड जास्त टाक. भिजतात इथे."

"टाकते," नवी म्हणाली.

ठरल्या दिवशी तिघंही आली. जावई गाडीतून बॅग काढत होता. भिंगरी फाटकातून पळत आली आणि स्वतःभोवती गर्रकन फिरली, ज्यामुळे तिला ते नाव पडलं तशी. अंगात हळदी स्वेटर होता. मनगटापर्यंत पोचणारा, नीट मापाचा. खाली आणि बाह्यांना राखाडी पट्टे.

आजीला आधी काही उमजलं नाही. मग तिने नातीचा डावा हात धरला आणि मनगट आपल्याकडे वळवलं. टाके सरळ होते. सगळेच्या सगळे.

"जुना उसवून पुन्हा विणला," नवी फाटकाशीच उभी राहून म्हणाली. "लोकर पुरली नाही म्हणून राखाडी घातली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे विणायचे. आणि डाव्या बाहीला एक टाका उलटा पडला होता ना, तोही सुधारला." तिचे डोळे आजीच्या तोंडावर खिळले होते. "पहिल्यांदा धीर होईना हात लावायला. पण तुम्हीच म्हणालात, लोकर चांगली आहे, टाकू नकोस. मला वाटलं, आईंना म्हणायचंय की त्यांच्या लेकीचं काहीतरी पोरीच्या अंगावर राहू दे. बरोबर ना, आई?"

आजोबांनी एक पाऊल पुढे टाकलं. आजीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

"बरोबर," ती म्हणाली. "हात छान आहे तुझा. एकसारखा."

नवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आजीने तिला जवळ घेतलं, कारण तिला स्वतःलाही कुणाला तरी धरायला हवं होतं. चहा झाला. जावई आणि नवी संध्याकाळच्या आत परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी आणि भिंगरी उन्हात बसून पिशव्यांत झेंडूची रोपं लावत होत्या. पोरीने बाह्या वर सरकवल्या होत्या. बोटाने मातीत खड्डा, रोप आत, वरून माती. चटचट शिकली. आईसारखी, असं आजीच्या ओठांवर आलं.

"स्वेटर उसवताना मजा आली," भिंगरी म्हणाली. "मी टोक धरलं आणि आई गुंडाळत होती. सर्रर्र निघतो, माहितीये?"

"माहितीये."

"पण आधी खूप वेळ निघेचना. आईने टोक कापलं आणि नुसती बघत बसली. मग म्हणाली, चल. मी ओढणार एवढ्यात तुझा फोन आला."

आजीचा हात मातीत थांबला. "कुठला फोन?"

"मोज्यांचा! आई म्हणाली, थांब, आजीचा फोन आहे, आजी काय म्हणते बघू. मी टोक धरूनच बसले होते. मग तू मोजे म्हणालीस, मग आईने फोन ठेवला, मग आम्ही ओढलं."

आजीने समोरची पिशवी उचलली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"आजी, तू रडतेस?"

"माती गेली डोळ्यात."

"थांब, मी पुसते." भिंगरीने बाही खाली ओढली आणि त्या सरळ टाक्यांनी आजीचे डोळे पुसले. मग स्वतःच्या पायांकडे पाहून म्हणाली, "माझे मोजे भिजले."

"बॅगेत आहेत चार जोड," आजी म्हणाली. "जा, बदलून ये."