उसळ नसलेली एकादशी

या, जरा पुढे सरकून बसा. एका झांजेची गोष्ट सांगतो, हळूच ऐकावी अशी आहे.

खाप्याचे मनोहरराव कीर्तनात झांज वाजवत. मग कंपवात आला, मनगटं वाळल्या चामड्यासारखी ताठ झाली आणि झांज खुंटीवर गेली. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास, कन्हानकाठच्या देवळात एका अभंगाला तरी साथ करायची.

पुतणी उन्नती धंतोलीच्या एका दवाखान्यात याच आजारावर संशोधन करते. ती म्हणाली, "काका, पोटात अन्न नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात. त्यांनी स्नायूंचा ताठरपणा कमी होतो का, ते आम्ही पाहून राहिलो. तुमच्या डॉक्टरांना विचारलंय. एक उपवास कराल?"

"जन्मभर तेच तर केलं वं."

एकादशीच्या संध्याकाळी तिने बोटातून थेंबभर रक्त घेतलं. यंत्रात कीटोन जवळजवळ नव्हतेच.

"काका, खाल्लं काय?"

"काही नाही. साबुदाण्याची उसळ, रताळं, राजगिऱ्याचे लाडू. उपवासच होता ना."

उन्नती कपाळाला हात लावून हसत सुटली. मनोहररावांच्या पत्नी रुखमाबाई फणकारल्या, "माही उसळ देवाले चालते, तुह्या मशिनीले काहून नाही चालत वं?"

पण पुढच्या एकादशीला त्यांनी गॅस पेटवलाच नाही. तुपाचा वास आला तर यांचं मन ढळेल, म्हणून स्वतःही नुसत्या पाण्यावर राहिल्या.

संध्याकाळी देवळात मनोहररावांना सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं. समईच्या ज्योती लांबलेल्या, नदी जणू पायरीशी येऊन बसलेली, बुवांचा आवाज कुठल्याशा दूरच्या अंगणातून येणारा. यंत्रातला आकडा आज चढला होता. रुखमाबाईंनी झांजेची दोरी त्यांच्या बोटांत अडकवली. त्यांनी मनगट फिरवलं. बरेच दिवस बंद असलेलं दार कुरकुरत किलकिलं व्हावं, तसं ते हललं.

झांज वाजली. पुन्हा वाजली. अर्ध्या अभंगात हात अडखळला, तेव्हा रुखमाबाईंनी हाताखाली हात धरून उरलेला पुरा केला.

"कीटोननंच झालं ना वं?" मनोहररावांनी शेजारी बसलेल्या उन्नतीला विचारलं.

"एका माणसावरून नाही सांगता येत, काका. अजून पुष्कळ जणांना तपासावं लागेल."

"तपास मंग. मी कुठी जातो?"

तुम्ही मात्र कुठे झांज ऐकलीत, तर गॅस न पेटवता पाण्यावर राहिलेल्या रुखमाबाईंना क्षणभर आठवा.