माझ्या अंगातले सिमेंट

मित्रांनो, हवाई बेटावरच्या एका लहानशा गावात, समुद्राकडे तोंड करून मी उभी आहे. मी चर्चची भिंत, चांगली पावणेदोनशे वर्षांची. माझे काळे दगड गावकऱ्यांनी रांग करून हातोहात आणले. समुद्रात बुड्या मारून त्यांनी पोवळ्याचे दगड काढले आणि ते भाजून चुना केला. त्या चुन्यामुळे मी कितीही भिजले तरी लवकर वाळत असे.

राजवाडा, धक्का आणि मग मी, अशी पायी फेरी मारायला पाहुणे येतात. त्यांना गाव दाखवतात नाहाले अंकल. तरुणपणी ते गवंडी होते. भूकंपात मला भेग पडली, तेव्हा चुना भाजायचा कंटाळा करून त्यांनी ती सिमेंटने बुजवली आणि वरून चुन्याचा हात फिरवला. "पोरानं जुन्या लोकांसारखं काम केलंय!" म्हणत गावाने त्यांच्या गळ्यात फुलांचे हार घातले. सिमेंटचे ते कुणाला बोलले नाहीत.

सिमेंटमुळे ओल मात्र आत कोंडली गेली. गेल्या वर्षी माझे दगड सुटू लागले. गाव हिरवळीवर जमले. चर्चचा कारभार पाहणाऱ्या नोहेआ आंटी म्हणाल्या, "जुना चुना मेला. भिंत पाडू आणि काँक्रीटची बांधू."

अंकल पाहुण्यांना घेऊन मागेच उभे होते. मला फार भीती वाटली. खरे काय ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होते.

"आंटी, चुन्याला बोल लावू नका," ते म्हणाले. "आत सिमेंट आहे. मीच भरलंय."

"चाळीस वर्षं आमचे हार मिरवलेस?"

"मिरवले."

"लाज नाही वाटली?"

"वाटली, म्हणून तर सांगायला चाळीस वर्षं गेली."

आंटींनी माझ्या भेगेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "छिन्नी आहे का अजून?"

"आहे."

"मग लाग कामाला. चुन्याचं आम्ही बघतो. हार मात्र मिळायचा नाही हं!"

आता अंकल रोज मूठभर सिमेंट खरवडतात. मला दुखते. पाहुण्यांना ते आधी हाच कोपरा दाखवतात आणि सांगतात, "हे मी बिघडवलंय."

मित्रांनो, जुन्या वस्तूची डागडुजी जरूर करा, पण ती कशाची बनली आहे हे आधी समजून घ्या. आणि हातून चूक झालीच, तर लवकर सांगा. त्या दिवशी अंकल गप्प राहिले असते, तर गावाने मला पाडले असते आणि मला काहीच बोलता आले नसते.