आधी तू खा

अहवालाच्या छापील नमुन्यात ‘कारण’ या शब्दासमोर दीड इंच जागा सोडलेली असते. लोमा आल्ता गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्या दीड इंचात दोनच शब्द लिहिले होते : अस्वच्छ स्वयंपाक.

वाचकहो, हे दोन शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. सामुदायिक जेवणानंतर माणसे आजारी पडली की ते कोठूनही हजर होतात. लिहिणाऱ्याला त्यासाठी चुलीपर्यंत जावे लागत नाही, आणि ज्या बाईविषयी ते लिहिले जातात ती बहुधा ते वाचायला येत नाही.

हा अहवाल अन्नबाधेच्या चौकशीसाठी पापान्तलाच्या कृषी कार्यालयात आबुंदियो तिर्सो याच्या टेबलावर आला. आबुंदियो शेहेचाळीस वर्षांचा, वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. तराजू, तापमापक आणि स्वतःची वही एवढ्यांवरच त्याचा विश्वास असे. सर्व संतांच्या सणाला लोमा आल्ताच्या शाळेत पितरांसाठी वेदी मांडली होती. तेथे जेवलेल्या तेवीस जणांपैकी चौदा जणांना घशाची आग, उलट्या आणि जुलाब झाले. तेरा जण सलाइन लावून घरी गेले होते. चौदावा, म्हातारा प्रिस्को, दोन दिवस शुद्धीवर नव्हता. स्वयंपाक त्याच्याच बायकोने केला होता. अहवालात तिचे नाव होते : आनास्तासिया सान्तेस.

आबुंदियोने ते नाव दोनदा वाचले. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातावर घेऊन उभी राहिलेली, म्हणजे त्याची धर्ममाता, ती हीच. इकडे अशा बाईला माद्रिना म्हणतात. तो दुसऱ्याच दिवशी गावाला निघाला. मायेपोटी चाललो आहोत असे त्याने स्वतःला मान्य करू दिले नाही. आकडे जुळत नाहीत, एवढेच कारण त्याने वहीत नोंदवले.

आकडे खरोखरच जुळत नव्हते. पहिली उलटी जेवणानंतर चाळीस मिनिटांत झाली होती. बिघडलेले अन्न सहसा इतकी घाई करत नाही. त्याने घरोघर जाऊन कोणी काय खाल्ले ते विचारले आणि शाळेच्या ओट्यावर बसून तक्ता मांडला. वेदीसमोर दोन प्रकारचे तामाल, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले सारणाचे उंडे, होते. मक्याचे पीठ तेच, केळीची पाने तीच, पाणी तेच, चूल आणि हातही तेच. फरक फक्त सारणाचा : एकात घेवडा, दुसऱ्यात पिन्योन. केवळ घेवड्याचे तामाल खाणारे नऊ जण ठणठणीत होते. पिन्योनचे खाणारे चौदाच्या चौदा आजारी पडले होते. हाताची घाण सारण पाहून निवड करत नाही, असे त्याने तक्त्याखाली लिहिले.

मात्र या निष्कर्षाने प्रश्न सुटला नाही, उलट बिकट झाला. पिन्योन म्हणजे आपल्या बांधावरचा मोगली एरंड. आपल्याकडे त्याच्या बिया खाऊन मुले थेट रुग्णालयात जातात. या डोंगरातली तोतोनाक माणसे मात्र त्या मातीच्या तव्यावर भाजतात, सोलतात, मिरचीबरोबर वाटतात आणि खातात. त्यांचे आजे-पणजे खात आले आणि कोणालाही काही झाले नाही. त्याच झाडांची ती कुंपणे करतात. गुरे शेतात शिरत नाहीत, मुळे उताराची माती धरून ठेवतात आणि खोडांवर व्हॅनिलाचे वेल चढतात. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेले अन्न एका दुपारी विष कसे झाले?

गावाने आपले उत्तर शोधले होते. आनास्तासियाचा हात बाधला, असे निम्मे गाव म्हणत होते. उरलेले निम्मे झाडालाच दोष देत होते. शनिवारी सभा भरून ठराव झाला होता : येत्या रविवारच्या श्रमदानात गावातले प्रत्येक पिन्योन तोडायचे. त्यात आनास्तासियाचे कुंपणही आले. चारशे पावले लांब, सासऱ्याच्या हातचे. त्यावरच्या वेलांना व्हॅनिलाच्या शेंगा लागल्या होत्या आणि त्या काढायला अजून महिना होता.

आबुंदियो तिच्या अंगणात पोचला तेव्हा महिला समितीची प्रमुख कासिल्दा मोठी पातेली परत न्यायला आली होती. स्वतः आजारातून उठलेली, आवाज बसलेला. पण जीभ शाबूत होती.

“तीस वर्षं गावाला जेवू घातलंस, आनास्तासिया,” ती म्हणाली. “या खेपेला एकदाच वाढलंस, ते पुरलं बाई.”

आनास्तासियाने पातेली उचलून दिली आणि कासिल्दाने ती वास घेऊन पाहिली. कासिल्दा गेल्यावर आनास्तासिया खाली बसली.

“तूपण तपासायला आलास ना?” तिने विचारले. “चूल बघ. हात बघ. डॉक्टरनं काही बघितलं नाही.”

“मी बिया बघायला आलोय, माद्रिना. कुठल्या झाडाच्या होत्या?”

तिच्या कुंपणाचा बहर सप्टेंबरच्या वादळाने झोडपला होता, असे तिने सांगितले. शाळेचे कुंपण तेवढे लगडले होते. सणाचे जेवण शाळेतच, म्हणून समितीच्या बायकांनी तिथल्याच बिया तोडून आणल्या. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “ते कुंपण तुझंच ना रे?”

आबुंदियोने वही मिटली.

आठ वर्षांपूर्वी झाडाच्या तेलावर मोटारी चालवण्याची एक योजना आली होती. दूरच्या रोपवाटिकेतून ट्रकभर फांद्या आणि नमुन्याच्या बिया आल्या आणि वाटपाच्या कागदावर आबुंदियोने सही केली. योजना तीन वर्षांत आटोपली. शाळेभोवती खोचलेल्या फांद्यांची मात्र झाडे झाली. वाटपाचा तो दिवस आता त्याला लख्ख आठवला.

लोमा आल्तात पिन्योनची फांदी कोणी अशीच देत नाही. देणारा त्याच झाडाच्या तीन बिया भाजतो. एक घेणाऱ्यादेखत स्वतः खातो, दुसरी घेणाऱ्यासाठी ठेवतो, तिसरी चुलीत टाकतो. मग चुलीवर घेवड्याचे भांडे चढते आणि ते शिजेपर्यंत दोघे गप्पा मारत बसतात. घेवडा शिजला आणि देणारा ठणठणीत असला, की घेणाऱ्याने दुसरी बी खायची आणि फांदी कापायची. विद्यार्थी असताना आबुंदियोने ही चाल वहीत टिपली होती. शीर्षक दिले होते : ‘लोकभ्रम’.

ट्रकजवळ आनास्तासियाने त्याला सर्वांसमोर विचारले होते, “आधी तू खाशील का यातली एक बी?”

त्याने हातातला रोपवाटिकेचा दाखला फडकावला होता. “यावर शास्त्रीय नाव आहे, माद्रिना. तुमचं आणि हे, एकच झाड. आता काय कागद खाऊ?”

लोक खूप हसले होते. तीही हसली होती, कारण हा इंजिनियर (इकडे कृषी अधिकाऱ्यालाही असेच म्हणतात) तिचाच मुलगा मानला जात होता.

आता तो तिच्या अंगणात बसून मनातल्या मनात जुनी नोंद तपासत होता. नमुना त्याच झाडाचा. मात्रा एका बीची. देणाऱ्याने स्वतःवर केलेला पहिला प्रयोग, साक्षीदारासमोर. आणि परिणाम दिसायला लागणारा वेळ, म्हणजे घेवड्याचे एक भांडे. ही चाचणी होती! घड्याळ नसलेल्या माणसांनी रचलेली, ओबडधोबड पण खरी चाचणी, आणि तिला भ्रम ठरवून त्याने चौदा माणसांच्या ताटात विष वाढले होते.  

तरीही हा अजून तर्कच होता. दोन्ही कुंपणांवर जेमतेम मिळालेल्या बिया घेऊन तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेला. शुक्रवारी उत्तर आले. शाळेच्या बियांत ते दाहक द्रव्य भरपूर होते, जे भाजून नाहीसे होत नाही. आनास्तासियाच्या बियांत ते आढळलेच नाही. शास्त्रीय नाव दोघांचे एकच. पान, फूल, फळ, सारे हुबेहूब. एक खाण्याची जात, एक न खाण्याची, आणि दाखल्यावर हा फरक लिहायला रकानाच नव्हता.

कार्यालयात कोऱ्या नमुन्यावरचा, ‘कारण’ या शब्दासमोरचा दीड इंच पुन्हा त्याच्या पुढ्यात होता. त्याने लिहिले : वनस्पतिजन्य विष, उगम अज्ञात. वाक्यातला पहिला अर्धा भाग खरा होता. एवढ्यावर आनास्तासियाचे हात स्वच्छ ठरले असते आणि आठ वर्षांपूर्वीची सही कोणी शोधायला गेले नसते. त्याने वाक्य पुन्हा वाचले. ‘अस्वच्छ स्वयंपाक’ लिहिणारा डॉक्टर निदान अजाणता चुकला होता. शिवाय उगम अज्ञात राहिला, तर रविवारी दोन्ही कुंपणे तुटणार होती. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात साठेक माणसे कोयते घेऊन उभी होती. प्रिस्को त्याच आठवड्यात घरी आला होता. त्याला खुर्चीवर बसवून आणले होते. आबुंदियोने प्रयोगशाळेचे निष्कर्ष सांगितले. लोकांनी ऐकले, पण कोयते खाली ठेवले नाहीत.

“इंजिनियरसाहेब, तुमचंच म्हणणं की दोन्ही दिसायला सारखी,” कासिल्दा म्हणाली. “मग ओळखायची कशी? सगळी तोडा, म्हणजे भांडणच मिटलं.”

तिचा मुद्दा बिनतोड होता आणि आबुंदियोला ते कळत होते. उत्तर दिले ते आनास्तासियाने.

“तुझ्या दोन्ही जुळ्या पोरी सारख्या दिसतात, कासिल्दा. तू ओळखतेस ना? चेहऱ्यानं नव्हे, बारशापासून बघतेस म्हणून. माझं कुंपण सासऱ्यानं लावलं, त्याला फांदी दिली शेजारच्या सिम्ब्रोनांनी, त्यांनी आधी बी खाल्ली. त्या झाडाचं घराणं मला पाठ आहे. शाळेच्या झाडाचं घराणं कुणी विचारलं?”

“तू विचारलंस,” आबुंदियो म्हणाला.

सर्व माना त्याच्याकडे वळल्या. त्याने खिशातला कागद काढला. पण तो वाचला नाही.

“ती झाडं मी आणली. हिनं मला सगळ्यांदेखत विचारलं, आधी तू खाशील का. मी हिची चेष्टा केली आणि तुम्हाला हसवलं. तेव्हा एक बी खाल्ली असती, तर एकटा मी आजारी पडलो असतो. हिच्या हातात काही दोष नाही. दोष माझ्या सहीत आहे.”

 प्रिस्कोने खुर्चीतून क्षीण आवाजात विचारले, “मग आता यालाच तोडायचा का काय?”

कोणीतरी हसले आणि पहिला कोयता गवतावर पडला. कासिल्दा आनास्तासियाजवळ गेली. क्षमा मागण्याची सवय तिला नव्हती. पुढच्या सणाला पातेली तुझ्याच घरी ठेवीन, एवढे ती म्हणाली.

त्या श्रमदानात एकच कुंपण निघाले, शाळेचे. त्याच्या फांद्याही जाळल्या नाहीत. रस्त्यावरचा उतार दर पावसाळ्यात ढासळतो, तेथे त्या लावायच्या ठरल्या, प्रत्येक खोडाला तांबडा पट्टा ओढून. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, मुळे दरड धरतात, तेलाचा साबण होतो. विषारी झाडही गावाच्या उपयोगी पडू शकते; मात्र ते विषारी आहे हे गावाला ठाऊक असावे लागते. आनास्तासियाच्या झाडांना पांढरा पट्टा मिळाला. अहवालातल्या दीड इंचात आबुंदियोने शेवटी लिहिले : न तपासता वाटलेली विषारी जात, वाटणारा, आबुंदियो तिर्सो. जागा अपुरी पडली, म्हणून त्याने समासात लिहिले.

नागरिकहो, या हकिकतीचा बोध चाखून पाहण्याचा नाही. आपल्या बांधावरच्या मोगली एरंडाला खाण्याचे घराणे नाही. त्याच्या बीला मुलांनी हात लावू नये, हेच बरोबर. बोध आहे तो आपल्या सह्यांविषयी. जी वस्तू आपण दुसऱ्याच्या अंगणात लावतो, तिचा पहिला धोका आपण पत्करला आहे का, हे प्रत्येक देणाऱ्याने स्वतःला विचारावे. आणि ज्या चालीला आपण भ्रम म्हणून हसतो, ती हसण्यापूर्वी एकदा मोजून पाहावी. काही भ्रम निघतील. एखादी चाचणी निघेल.

पुढच्या वर्षी बहर चांगला आला. शाळेच्या नव्या कुंपणासाठी आनास्तासियाच्या झाडांच्या फांद्या देण्याचा दिवस ठरला. गावातर्फे त्या आबुंदियोने द्यायच्या होत्या आणि शाळेतर्फे कासिल्दाने घ्यायच्या. आनास्तासियाने तव्यावर तीन बिया भाजल्या. आबुंदियोचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. प्रयोगशाळेचा त्या वर्षीचा ताजा अहवाल त्याने मुद्दाम आणला होता.

“कागद राहू दे, पोरा,” ती म्हणाली. “आधी तू खा.”

त्याने बी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि गिळली. आनास्तासियाने चुलीवर घेवड्याचे भांडे चढवले. दोन तास सगळे अंगणात बसून राहिले. कोणाची गाय व्यायली, कोणाच्या शेंगा पिकल्या, असे बोलणे चालले होते. आबुंदियोने मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवले. भांड्यातला घेवडा बोटाने दाबून आनास्तासियाने मान हलवली, तेव्हा कासिल्दाने दुसऱ्या बीसाठी हात पुढे केला.