कणगीचा बोळा

गेल्या वैशाखी पौर्णिमेला मांडवगणच्या बौद्धवाड्यात पार्वतीबाई माईकसमोर गायला उभ्या राहिल्या आणि भाड्याच्या पत्र्याच्या भोंग्यानं त्यांच्या गाण्याचं पार मातेरं केलं. मागून वस्तीतलाच आनंदराव ओरडला, "आरं, म्हशीच्या शेपटावर पाय दिला रं कुनी!" सगळी वस्ती खो खो हसली. पार्वतीबाई गाणं अर्ध्यावर टाकून घरी गेल्या. त्यानंतर वर्षभर त्या जात्यावरसुद्धा गुणगुणल्या नाहीत.

त्यांच्या मुलाला, चांगदेवला, हे फार लागलं. तो दौंडला रेल्वेत होता, डब्यांतल्या दिव्यापंख्यांची वायरिंग करायचा. हसणारी माणसं आपली, गाणारी आई आपली, भांडणार कुणाशी? म्हणून गडी भोंग्याशीच भांडायला बसला.

रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कामगारांच्या क्लबात, कपाटाएवढा जुना लाकडी रेडिओ होता. त्यातला बातम्या देणारा माणूस समोर पाटावर बसून बोलतोय असं वाटायचं. यंदा तो भंगारात निघाला. पेटी वाळवीनं खाल्लेली, पण आतला ताटाएवढा स्पीकर धड होता, नुसता त्याच्या पडद्याचा कागद फाटलेला. चांगदेवनं तो मागून घेतला, सायकलला बांधून गावी आणला आणि पतंगाचा कागद भाताच्या खळीनं चिकटवून सांधला.

आता पेटी हवी. सागवान आणायचं कुठून? पण त्या रेडिओकडं बघून एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती: भोंग्याला नुसतं तोंड असतं, आवाजाला पोट लागतं. आणि घरात पोट असलेली वस्तू एकच होती, कोपऱ्यातली बांबूची कणगी.

"येड लागलं का तुमाला?" त्याची बायको अंजना कडाडली. "धान्याची कणगी गान्याला?"

"रिकामीच हाय की."

"आज हाय. उद्या भरंल न्हवं?"

चांगदेव ऐकतोय होय! त्यानं कणगीला शेणामातीचे दोन हात दिले, उन्हात खडखडीत वाळवली, तोंडावर फळी ठोकली आणि फळीला गोल भोक पाडून स्पीकर बसवला. कणगीच्या बुडाशी दाणे काढायला एक भोक असतं. त्यात चिंध्यांचा बोळा कोंबून त्यानं वरून शेण लिंपलं. उंदीर शिरू नये, दाणा सांडू नये म्हणून सात पिढ्या हेच करत आल्या. हात आपोआप तिकडं गेला.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मित्राचा ॲम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीला जोडून तो माईकमध्ये "हॅलो" म्हणाला. गोधडीत तोंड खुपसून कुणी कण्हावं, तसा आवाज आला. शिवाय कणगीच्या बुडाशी काहीतरी खुळखुळत होतं. पार्वतीबाई उंबऱ्यात पाठ करून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. आई आता कधीच गाणार नाही, असं चांगदेवला वाटलं.

"दानं ऱ्हायल्यात आत," अंजना म्हणाली. तिनं सूप लावलं आणि बोळा ओढला. मूठभर ज्वारी ओघळली.

"आगं, बुजव की ते!" चांगदेव खेकसला. माईक हातातच होता. ते शब्द कणगीतून असे भरदार आले, की तो स्वतःच दचकला.

त्यानं बोळा घातला, आवाज कोंडला. काढला, मोकळा झाला. तीनदा करून बघितलं आणि शेवटी येड्यासारखा हसत सुटला.

पार्वतीबाई उठून आल्या. "आन ती दांडी हिकडं."

माईक हातात घेऊन जात्यावरची एक ओळ त्या हळूच म्हणाल्या आणि कणगीकडं बघत राहिल्या. "चांग्या, ही माझी आई हाय रं. आस्साच गळा व्हता तिचा." त्यांचे डोळे वाहायला लागले. चांगदेवलाही आवरलं नाही.

पौर्णिमेला त्यांनी चार गाणी म्हटली. शब्द अन् शब्द शेवटच्या माणसाला कळला. आनंदराव पुढं येऊन मांडी घालून बसला होता. चौथं संपल्यावर म्हणतो कसा, "आक्का, आजून एक व्हऊ द्या." पार्वतीबाईंनी त्याला अंमळ ताटकळत ठेवलं आणि मग पाचवंही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अंजनानं ज्वारीचं पोतं कणगीपाशी ओढलं आणि बोळा हातात घेतला. पार्वतीबाईंनी तिचा हात धरला. उभा जन्म ज्या बाईनं रिकाम्या कणगीची धास्ती घेतली, ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. ज्वारी पोत्यात बी ऱ्हाती."